एक्झिट पोलचा आकडा नेमका कुठे घसरतो

प्रश्न असा आहे: "निवडणुकीआधीचे ओपिनियन पोल आणि मतदानानंतरचे एक्झिट पोल इतक्यांदा तोंडावर आपटतात, तरी सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरते. हे पोल जनमत मोजतात की घडवतात? मला तर आजवर एकाही सर्व्हेवाल्याने काही विचारलेलं नाही."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण वीस-बावीस वर्षं सर्व्हेच्या कामात काढल्यावर लग्नात, रेल्वेत, सलूनमध्ये हेच वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलंय. 2024 च्या लोकसभेला देशात सुमारे 97 कोटी मतदार होते. एखादा मोठा सर्व्हे एक लाख लोकांचा धरला, तरी 9,700 मतदारांमागे एक माणूस पडतो. असे दहा सर्व्हे झाले तरी तुमचा नंबर लागण्याची शक्यता हजारात एक. तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं नाही यात पोलचा दोष नाही. दोष भरपूर आहेत, पण हा त्यातला नव्हे, आणि लोकांचा सगळा संशय नेमका इथेच खर्च होतो.

दुसरा आवडता संशय म्हणजे सॅम्पल लहान असल्याचा. अमेरिकेत 1936 साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून रूझवेल्ट हरणार असं छापलं, आणि रूझवेल्ट 60 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन निवडून आले. सर्व्हे करणाऱ्या जॉर्ज गॅलपने त्यापेक्षा कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. साप्ताहिकाच्या याद्या टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या होत्या, आणि ज्यांना रूझवेल्टवर राग होता त्यांनीच आवर्जून पत्रिका परत धाडल्या. तेव्हापासून या धंद्यात कुणी फक्त "आमचं सॅम्पल पाच लाखांचं" म्हणून मिरवायला लागला की मी थोडा सावध होतो. किती जणांना विचारलं यापेक्षा कोण राहून गेलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवतो. पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलाय. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघात चार-पाच पातेली असतात, आणि काहींवर झाकण असतं.

झाकण म्हणजे काय, ते एका दिवसावरून सांगतो. विदर्भातलं एक गाव, बूथवर अकराशेच्या आसपास मतदार. पद्धत अशी की मतदारयादी घ्यायची, ठरावीक अंतराने नावं उचलायची, म्हणजे दर पंचावन्नावं नाव, अशी वीस नावं. हीच माणसं शोधून बोलायचं, दुसरी नाही. आमच्या टीममधल्या मुलीच्या यादीतल्या वीसांपैकी दोघं वारलेले निघाले. तिघं पुण्याला कामाला गेलेले. एकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या तालुक्यात. चौघं शेतात, संध्याकाळी येतील. राहिले दहा. नियम सांगतो की संध्याकाळी परत जा. पण गाडी पाच वाजता निघते, पुढचं गाव तीस किलोमीटरवर, आणि तिला मानधन भरलेल्या फॉर्मवर मिळतं. मग ती काय करते? शेजारच्या ओट्यावर बसलेल्या, वेळ असलेल्या, बोलक्या माणसाचा फॉर्म भरते. यात ती कुणाला फसवत नसते. ती थकलेली असते. पण असं शंभर गावांत झालं की तुमच्या नमुन्यात घरी असणारे, पारावर बसणारे, मत मोठ्याने सांगणारे लोक वाढतात, आणि मजुरीला गेलेले, स्थलांतरित, गप्प बसणारे कमी होतात. टीव्हीवर "अधिक-उणे तीन टक्के" असं जे लिहून येतं, त्यात हा भाग मोजलेलाच नसतो. ते गणित फक्त शुद्ध योगायोगाने होणाऱ्या चुकीचं आहे. ओट्यावरचा माणूस योगायोगाने सापडत नाही.

त्याच गावात एका घरी यादीतलं नाव बाईचं होतं. नवरा दारातच उभा. मुलीने विचारलं, "ताई, उद्या मतदान असेल तर कुणाला देणार?" नवरा म्हणाला, "लिहा, आमच्याकडं एकच पार्टी चालते." बाई म्हणाल्या, "हे म्हणतील ते." मग मुलीने नमुना मतपत्रिका दिली. त्यावर पक्षांची चिन्हं छापलेली असतात. आतल्या खोलीत जाऊन शिक्का मारायचा, घडी घालायची आणि आमच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. त्या बाईंनी कागदाची इतकी बारीक घडी केली की ती डब्याच्या फटीत आडवी अडकली आणि बोटाने आत ढकलावी लागली. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा कुणाची चिठ्ठी कुठली हे कळायला मार्ग नव्हता, तो असूच नये. पण तोंडी उत्तरांची बेरीज आणि डब्याची बेरीज यांत त्या गावात चांगलाच फरक होता. डब्याला वेळ लागतो, पैसे लागतात, माणूस दारात पोचावा लागतो. फोनवरच्या सर्व्हेत डबा नसतो. आजकाल 'एक्झिट पोल' या नावाने जे दाखवतात त्यातलं बरंचसं काम मतदान केंद्राबाहेर झालेलंच नसतं. काही घरोघरी जाऊन केलेलं, काही सरळ फोनवरून. नाव मात्र एकच.

गोळा झालेला माल मग ऑफिसात येतो आणि आम्ही त्याला वेट्स लावतो. बायका कमी आल्या असतील तर त्यांच्या उत्तरांचं वजन वाढवायचं, शहरी जास्त आले असतील तर कमी करायचं. हे रास्त आहे, सगळं जग करतं. पण वजन कशाच्या प्रमाणात लावायचं? त्यासाठी खरी लोकसंख्या माहीत हवी. आपली शेवटची जनगणना 2011 ची. आणि देशभरातली सगळ्या जातींची मोजणी करून छापलेले आकडे म्हणाल तर ते 1931 चे, इंग्रजांच्या काळातले. 2011 च्या सुमारास जातींची माहिती गोळा झाली, पण ते आकडे सरकारने जाहीर केले नाहीत. बिहारसारख्या एखाद्या राज्याने अलीकडे स्वतःची गणना केली तेवढाच अपवाद. आता ज्या देशात प्रत्येक विश्लेषक जातीची समीकरणं मांडतो, तिथे त्या जातींचं प्रमाणच अंदाजाने धरलेलं असतं. मराठा अमुक टक्के, माळी-धनगर-वंजारी तमुक टक्के हे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्याचं मूळ शोधत गेलात तर दुसऱ्या एखाद्या विश्लेषकापाशीच पोचाल.

काही जण दुसरी युक्ती करतात: "मागच्या वेळी कुणाला मत दिलंत?" हे विचारून त्यावरून वजन लावतात. यात गंमत अशी की निकालानंतर लोकांना आपण जिंकलेल्याला मत दिल्याचं आठवू लागतं. मी असे फॉर्म पाहिलेत ज्यात मागच्या विजेत्याची मतं, लोकांच्या आठवणीनुसार, त्याला प्रत्यक्षात मिळालेल्या मतांपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त होती.

एवढं सगळं असूनही, प्रामाणिकपणे केलेला सर्व्हे मतांची टक्केवारी बऱ्यापैकी सांगतो. दोन-तीन टक्क्यांच्या आत. खरी पडझड त्यापुढे होते, मतांच्या जागा करताना. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळा तमाशा या एका पायरीवर उभा आहे.

2019 ला भाजपला देशभरात 37.4 टक्के मतं होती आणि 303 जागा. 2024 ला 36.6 टक्के मतं आणि 240 जागा. मतं एका टक्क्यानेही कमी झाली नाहीत, जागा 63 ने घटल्या. महाराष्ट्रात त्याच लोकसभेला महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17 जागा मिळाल्या, आणि दोघांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता. हरियाणात ऑक्टोबर 2024 मध्ये भाजपला 39.9 टक्के, काँग्रेसला 39.1. जागा 48 आणि 37. तिथे जवळपास सगळ्या एक्झिट पोलनी काँग्रेसचं सरकार बनवून टाकलं होतं. 2020 च्या बिहारमध्ये दोन्ही आघाड्यांमध्ये मतांचा फरक उभ्या राज्यात मिळून बारा हजारांच्या घरात होता, जागा 125 विरुद्ध 110.

आता सांगा, ज्याचं मोजमाप दोन टक्क्यांनी इकडेतिकडे होणार हे त्याला स्वतःलाच माहीत आहे, तो अर्ध्या टक्क्यावर फिरणाऱ्या जागा कशा सांगणार? "आम्ही प्रत्येक मतदारसंघात गेलो" असं सांगतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या 288 जागा. दहा हजारांचं सॅम्पल म्हणजे प्रत्येक जागेला पस्तीस माणसं. पस्तीस माणसांवर चुकीची मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) अधिक-उणे सोळा टक्क्यांच्या वर जाते. 2024 च्या विधानसभेला साकोलीत 208 मतांनी निकाल लागला, मालेगाव मध्यमध्ये 162 मतांनी. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम 48 मतांनी. या जागा कुठलाही सर्व्हे पकडू शकत नाही, कधीच नाही. म्हणून मग मॉडेल लावतात: मागच्या निवडणुकीचे निकाल घ्यायचे, त्यावर या वेळचा स्विंग, म्हणजे मतं किती टक्क्यांनी इकडून तिकडे सरकली ते, चढवायचा. आपल्याकडे हे गणित 1980 च्या दशकात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी या विश्लेषकांनी रुजवलं. विरोधकांची मतं किती फुटली आहेत याचाही त्यांनी निर्देशांक केला होता, कारण तीन पक्षांच्या लढतीत फूटच निकाल ठरवते. गणित हुशारीचं होतं आणि आहे. पण शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन, मागच्या निवडणुकीतले शत्रू या वेळचे मित्र, अशा राज्यात "मागच्या वेळी" हा आधार आणायचा कुठून? तिथे माणूस बसून ठरवतो. हे आमच्यातलं कुणी कॅमेऱ्यासमोर सांगत नाही. जागांचा आकडा म्हणजे निम्मा डेटा आणि निम्मा अंदाज, आणि अंदाज सांगणारा माणूसही त्याच चहाच्या टपरीवर उभा असतो जिथे 'हवा' कुणाची यावर चर्चा चाललेली असते.

आता वाहिनीच्या खोलीत या. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी आम्ही काम केलं. आमची शीट अशी होती: एका आघाडीला 105 ते 140 जागा, बहुमत 145. म्हणजे बहुमत अवघड, पण अशक्य म्हणता येणार नाही. निर्माता म्हणाला, "साहेब, पस्तीस जागांची रेंज कोण बघेल? पट्टीत तीन आकडे मावतात." तासाभराने पडद्यावर 122 आले. पुढचा प्रश्न त्याने केला तो मी विसरलेलो नाही: "बाकीचे काय दाखवतायत?" माझ्या मते या धंद्यातली सर्वांत मोठी चूक त्या एका प्रश्नात आहे. एकटा चुकलास तर नाक कापलं जातं, सगळ्यांबरोबर चुकलास तर "यंदा सगळेच फसले" एवढ्यावर भागतं. 2015 च्या बिहारमध्ये एका संस्थेने महाआघाडीला 169 ते 183 जागा दिल्या होत्या, प्रत्यक्षात 178 आल्या. तो पोल ज्या वाहिनीसाठी केला होता तिने तो दाखवलाच नाही.

1 जून 2024 च्या संध्याकाळी हेच झालं. बहुतेक संस्थांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे ठेवलं, काहींचं वरचं टोक चारशेला टेकलं. आल्या 293. लोक मला म्हणाले, "विकले गेले सगळे." मी दुसरं काही बघत होतो. चुका जर निव्वळ योगायोगाच्या असत्या, तर काही पोल वर चुकले असते, काही खाली. सगळे एकाच बाजूला चुकले याचा अर्थ एकच चूक सगळ्यांच्या आत होती: कदाचित न बोलणारे मतदार, कदाचित चुकीची वजनं, कदाचित एकट्याने चुकण्याची ती भीती. म्हणून 'पोल ऑफ पोल्स' म्हणून जी सरासरी दाखवतात तिने मला कधी दिलासा मिळत नाही. दहा घड्याळं एकाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून लावली असतील, तर त्यांची सरासरी काढून वेळ बरोबर होत नाही.

विकले जाण्याबद्दलही बोलतो, टाळत नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने काही सर्व्हे कंपन्यांची माणसं पैशांच्या बदल्यात आकडे हवे तसे दाखवायला तयार होताना टिपली होती. त्यातली सर्वांत सोपी युक्ती मला आमच्या आतल्या गोटातूनही माहीत होती: आकडा खोटा लिहायचाच नाही, चुकीची मर्यादा रुंद धरायची आणि रेंजचं हवं ते टोक छापायचं. पकडणार कसं? कायदा इथे फारसा कामाचा नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126-अ एक्झिट पोल कधी दाखवायचा ते सांगतं: पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटच्या टप्प्यानंतर अर्धा तास होईपर्यंत नाही, मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. वेळ ठरवली आहे. कसा केला, कुणाच्या पैशाने केला, प्रश्न काय होता, यावर ते कलम बोलत नाही.

आता मूळ प्रश्न: घडवतात का? मतदाराच्या बाबतीत मी जपून बोलेन. वारं बघून मत देणारे असतात तसे "आपला माणूस हरतोय" म्हणून हट्टाने बाहेर पडणारेही असतात, आणि 2004 ला जवळजवळ सगळे पोल वाजपेयी सरकारला पुढे दाखवत होते तरी काँग्रेस 145 आणि भाजप 138 वर थांबले. लोक टीव्ही बघून बटण दाबत असते तर हे झालं नसतं. तिसऱ्या, लहान पक्षाला मात्र पोलचा फटका बसतो, कारण "मत वाया जाईल" हे वाक्य पोलमुळेच गल्लीत पोचतं.

पण मतदार सोडून बाकी सगळे पोलवर हलतात. 3 जून 2024 ला, एक्झिट पोलनंतरच्या पहिल्या सोमवारी, सेन्सेक्स सुमारे 2,500 अंशांनी चढला. 4 जूनला निकालाच्या दिवशी सुमारे 4,400 अंशांनी कोसळला. ज्यांनी सोमवारी चढ्या भावाने शेअर घेतले त्यांचे पैसे मतमोजणीने नाही, पोलवरच्या विश्वासाने गेले. देणगीदार हलतात, कार्यकर्ते हलतात, तालुक्याचा अध्यक्ष रात्रीत दुसऱ्या पक्षाच्या गाडीत दिसतो. आणि सगळ्यात जोराचा पोल तुम्हाला कधी दिसतच नाही. तो पक्षाचा अंतर्गत सर्व्हे. "सर्व्हेत तुमचं नाव नाही" हे चार शब्द ऐकून मी विद्यमान आमदारांना खुर्चीत खचलेलं पाहिलंय. 2024 च्या लोकसभेलाही राज्यात काही विद्यमान खासदारांची तिकिटं कापली गेली तेव्हा सर्व्हेचीच चर्चा होती. असा कागद उमेदवाराला दाखवत नाहीत. सॅम्पल किती, कुणी केला, काहीच कळत नाही. काही वेळा कागद असतो, काही वेळा निर्णय आधी झालेला असतो आणि कागद नंतर मागवतात. मी स्वतः एकदा असा 'नंतरचा' कागद करायला नकार दिला. पुढच्या निवडणुकीत त्या लोकांनी मला बोलावलं नाही.

निकालानंतरही पोल थांबत नाहीत, ते कारणं पुरवायला लागतात. लोकसभेनंतर महाराष्ट्रात सांगितलं गेलं: सहानुभूती, कांदा, सोयाबीन, संविधान. सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुतीला 230 जागा आल्या, जिथवर जवळपास कुणाचाच पोल पोचला नव्हता, आणि रात्रीतून एकच कारण उरलं: लाडकी बहीण. असेल, मोठा वाटा असेल. पण "तुम्ही मत का दिलंत?" या प्रश्नाला मिळणारं उत्तर मी फारसं मनावर घेत नाही. निकालानंतर चार दिवसांनी विचारलं तर माणूस टीव्हीने चार दिवस ऐकवलेलं कारण परत आपल्यालाच देतो. आणि "सर्वांत मोठी समस्या कोणती?" याला बेरोजगारी आणि महागाई ही उत्तरं मला प्रत्येक निवडणुकीत वर दिसली आहेत, सत्ताधारी जिंकला तेव्हाही आणि हरला तेव्हाही.

मी स्वतः पोल कसा बघतो, असं विचाराल तर जागांच्या आकड्यावर सरळ हात ठेवतो, म्हणजे झाकतो. मतांची टक्केवारी दिली आहे का ते शोधतो. नसेल तर पुढे वाचत नाही. दिली असेल आणि दोघांत तीन टक्क्यांहून कमी अंतर असेल, तर ती लढत घासून आहे एवढंच मनात लिहितो, ठळक मथळा काही का म्हणेना. मुलाखती समोरासमोर की फोनवर, गुप्त मतपत्रिका होती का, उत्तर न देणारे किती आणि त्यांना कुणाच्या पारड्यात टाकलं, हे बघतो. शेवटची गोष्ट तर जवळजवळ कुणीच छापत नाही. "सांगता येत नाही" म्हणणारे पंधरा टक्के पडद्यावर येईपर्यंत शून्य झालेले असतात, त्यांना वाटून टाकलेलं असतं.

त्या गावचा पत्र्याचा डबा अजून माझ्या ऑफिसात आहे. फट आम्ही नंतर रुंद करून घेतली. हल्लीचे ग्राहक टॅबलेट आणि फोन मागतात, तीन दिवसांत आकडे हवे असतात, त्यामुळे डबा गेल्या दोन निवडणुकांत बाहेर निघालेला नाही.